हौदाचं घर

कोल्हापूरला बदलीची ऑर्डर हातात पडली ती दुपारी, पोस्टात माझ्या टेबलावर. संध्याकाळी घरी पोचायच्या आत मी जायचं ठरवून टाकलं होतं. बढतीवर बदली होती. पन्नाशी उलटलेल्या बाईनं अशी बढती गुपचूप नाकारायची असते, असं आमच्या खात्यातल्या तमाम पुरुषांचं मत. "आता काय राहिलंय मॅडम, इथंच आरामात रिटायर व्हा," असं एकानं चहा पिता पिता सांगितलंही. मला कोणी 'आता काय राहिलंय' म्हटलं की माझं डोकं फिरतं. तशीच सही करून होकाराचा कागद पुढे सरकवला आणि चहा न संपवता उठले.

आमचे हे चिकलठाण्याच्या कारखान्यातून नुकतेच मोकळे झाले होते. मुलगी सासरी सुखात होती. पायात अडकण्यासारखं म्हणजे एक घर तेवढं होतं. यांनी ऑर्डर वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "जाऊ की मग. घर भाड्यानं देऊन टाकू."

"विकून टाकू," मी म्हणाले.

दोघांची वाक्यं जवळजवळ एकदमच आली. इतक्या वर्षांच्या संसारात आमच्याकडच्या भांडणांत मी बोलायची आणि हे गप्प बसून जिंकायचे. या खेपेला मात्र त्यांनी तोंड उघडलं.

"विकलेलं परत येत नसतं," हे म्हणाले. हे पैठणकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. त्यांच्याकडे विकणं हा शब्द धान्याला आणि जनावराला लागतो, जमिनीला आणि घराला लागत नाही. दुष्काळात त्यांच्या आजोबांनी बैल विकले पण बांधावरचा दगड हलू दिला नाही, हे मी लग्नापासून ऐकत आले होते. "घर आपलंच राहील. रिटायर झालीस की परत येऊ. भाडेकरू काय, येतात जातात."

हे शेवटचं वाक्य यांनी माझ्यासमोर म्हणायला नको होतं. कारण येणारी-जाणारी ती मीच होते.

माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. आमचं सगळं बालपण भाड्याच्या खोल्यांत गेलं, शहागंजच्या आसपास. एका मालकिणीनं नळाला कुलूपबंद पेटी बसवून घेतली होती. किल्ली तिच्या कमरेला. एक मालक पाहुणे आले की दारात उभा राहून विचारायचा, "किती दिवस?" पाहुण्यांच्या तोंडावर. आत्या एकदा त्याच पावली परत गेली. पण माझ्या डोक्यात सगळ्यांत पक्कं बसलंय ते आईचं खोली सोडणं. निघायच्या आदल्या दिवशी ती भिंतीतले खिळे एकेक करून उपटायची, पाट्यावर ठोकून सरळ करायची आणि डब्यात टाकायची, पुढच्या खोलीत कामाला यावेत म्हणून. मग भिंतीतल्या भोकांत कपड्याचा ओला साबण अंगठ्यानं दाबून बसवायची आणि वरून चुन्याचं बोट फिरवायची. मालकानं भिंतीवरून कितीही हात फिरवला तरी त्याला काही सापडू नये. आम्ही तिथं राहिलो होतो हे जणू आम्हालाच पुसून जावं लागायचं. मला त्या साबणाच्या वासाची अजून चीड येते.

म्हणून गारखेड्यात आमचं स्वतःचं घर झालं तेव्हा मी पहिलं काय केलं असेल, तर खिळे ठोकले. कॅलेंडरला खिळा, पिशवीला खिळा, चाळणीला खिळा, देवाच्या तसबिरीला दोन. हे म्हणायचे, "अगं, भिंत राहू दे थोडी." मी म्हणायची, "महं घर हाय, काय बी करीन," अगदी आमच्या आईच्या बोलीत. आणि त्याच वेळी मी मनाशी पक्कं केलं होतं की जन्मात कधी कोणाची घरमालकीण व्हायचं नाही.

आता हौदाचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

प्लॉट घेतला तेव्हा लोकांनी नावं ठेवली होती. आमची गल्ली वरून खाली नाल्याकडे उतरते आणि आमचं घर सगळ्यांत खालचं. पावसाचं पाणी घरात घुसेल, असं जो तो सांगून गेला. पण कालव्याच्या गावात वाढलेल्या यांना उतार दिसला की पाणीच दिसतं. "आधी हौद, मग घर," म्हणाले. पोर्चच्या खाली पाषाण फोडून त्यांनी इतका मोठा हौद करून घेतला की गवंडी म्हणाला, साहेब, यात पोहायचंय का? पुढे शहराचं पाणी रोजचं दिवसाआड झालं, दिवसाआडचं आठवड्यावर गेलं, तेव्हा लोकांचं हसणं थांबलं. जायकवाडी भरलेलं असो नाहीतर आटलेलं, आमच्या गल्लीतल्या नळांना वर नुसती फुर्र करून हवा यायची. लोकांनी दारापुढं खड्डे खणले, नळ खाली नेले, तरी बादलीचा तळ ओला होईस्तोवर पाणी जायचं. आमच्या हौदात मात्र ते उतारानं आपोआप धो धो पडायचं.

यांनी तेव्हा गल्लीला बारी, म्हणजे पाण्याची पाळी, लावून दिली. कालव्यावर असते तशीच. हौदाच्या आतल्या भिंतीवर एक लाल रेघ मारली. तिच्या खालचं पाणी आमचं, वरचं गल्लीचं. ज्याची बारी त्यानं आपला पाईप आणि मोटार लावायची. आणि पहिली बारी सगळ्यांत वरच्या घराची. मी विचारलं, असं उलटं का? समोरचे सोडून त्या टोकाला आधी? हे म्हणाले, "तोंडाशी असलेला कधी तहानलेला राहत नाही गं. मरतो तो टोकाचा. त्याला आधी दिलं की मधल्यांना आपोआप मिळतं." त्यावर गल्लीत बरीच धुसफूस झाली, पण हौद आमचा असल्यानं बोलणार कोण? मग सवयच पडली. पाणी आलं की वरपासून खालपर्यंत पाईप पसरायचे आणि कोणीतरी हाळी द्यायचं, "सुटलं!"

तर आमच्या बदलीची बातमी गल्लीत पोचली तेव्हा लोकांना कोल्हापुराशी काही देणंघेणं नव्हतं. प्रश्न एकच होता, हौदाचं काय? घर भाड्यानं दिलं तर हौद आमचाच राहणार, बारी चालू राहणार. विकलं तर नवा मालक झाकणाला कुलूप घालायला मोकळा. सगळी गल्ली एका रात्रीत यांच्या पक्षात गेली. समोरच्या वहिनी तर वाटीभर शेवयाची खीर घेऊनच आल्या. त्यांची माझी मैत्री घर बांधल्यापासूनची. कुरडया त्यांच्या, गच्ची माझी.

"तिकडं म्हणं रोज पाणी येतं," खीर पुढं करत वहिनी म्हणाल्या.

"येत असेल."

"मग तुम्हाला काय कमी? पर आमचा इचार करा. भाड्यानंच द्या. घर विकून कोणाचं भलं झालंय का?"

खीर चांगली झाली होती. मी खाल्ली आणि वाटी धुऊन परत दिली.

यांच्या आग्रहाखातर एकदा भाडेकरू बघू म्हटलं. एक नवरा-बायको आले, नवीन लग्न झालेले. मुलगी गोड होती. स्वयंपाकघरात हरखून उभी राहिली आणि रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवून नवऱ्याला म्हणाली, "इथं आपली ती फ्रेम लावू." आणि माझ्या तोंडून शब्द निघून गेले, "भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत हं."

मुलीचा चेहरा उतरला. "नाही नाही काकू," ती घाईघाईनं म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिले. आवाज माझा होता, पण बोलणारी ती कमरेला किल्ली लावलेली बाई होती. भिंतभर खिळे ठोकणारी मी, आणि अजून घर दिलंही नव्हतं तोवर माझी जीभ मालकिणीची झाली होती. कोल्हापुरात बसून मी काय काय विचारलं असतं या पोरीला? पाहुणे किती, पाणी किती, बल्ब कुठला गेला?

ते दोघं गेल्यावर मी यांना सांगितलं, "एक घाव दोन तुकडे. विकायचं."

यांनी माझं तोंड बघितलं आणि वाद घातला नाही. नुसतं एवढंच म्हणाले, "वीक. पण हौद कोणाच्या हाती जातोय ते बघून वीक. मग माझी सही."

घर विकायचंय म्हटल्यावर माणसं यायला लागली. गाड्यांतून यायची, बूट काढायची, फरशी बघायची, गच्चीवर जाऊन हवा चांगली आहे म्हणायची. हौद दाखवला की डोळे विस्फारायचे. जाताना "कळवतो" म्हणायची आणि पुन्हा तोंड दाखवायची नाहीत. पहिल्यांदा वाटलं, भाव जास्त सांगितला. दुसऱ्यांदा वाटलं, दक्षिणेच्या दाराचं निमित्त झालं असेल. पण एक पक्कं ठरवून गेलेले गृहस्थसुद्धा फिरकले नाहीत तेव्हा मी त्यांना फोन लावला. ते बिचारे अवघडले. म्हणाले, "बाई, तुम्ही एवढं चांगलं बोललात, पण पाण्याचं खरं सांगायला हवं होतं. तुमच्या समोरच्या बाई म्हणाल्या, हौद नुसता शोभेचा आहे, गल्ली टँकरवर जगते. शिवाय पावसाळ्यात घरात गुडघाभर पाणी."

मी फोन ठेवला आणि चपला न घालता समोर गेले.

वहिनी गहू निवडत बसल्या होत्या. मी म्हणाले, "तुम्ही माझ्या गिऱ्हाइकांना काय सांगता?"

मला वाटलं, कानावर हात ठेवतील. पण त्यांनी सूप खाली ठेवलं आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "व्हय, सांगितलं. आन् उद्या आलं तर परत सांगन."

"उचलली जीभ लावली टाळ्याला? माझ्या घरात गुडघाभर पाणी?"

"मग काय खरं सांगू? या म्हणू, हौद घ्या आन् आम्हाला कोरडं मारा?" वहिनींचा आवाज चिरकला. "तुम्ही जाताल हो कोल्हापूरला. राणीवाणी रोज नळाखाली हात धुताल. मी इथं हंडे घेऊन कोणाच्या दारात जाऊ, ते सांगा. अन् ते जाऊ द्या. एवढ्या वर्षांत मला एका शब्दानं विचारलं का, वहिनी, मी जाऊ का म्हणून?"

माझा राग तसाच होता, पण तो आता कुठं ठेवावा ते कळेना. मी घरी आले आणि पोर्चमध्ये हौदाच्या झाकणावर बसून राहिले. खरं सांगायचं तर त्या बाईचा मला हेवा वाटला. माझ्या आईला सात जन्मात असं तोंड वर करून कोणाला सुनवता आलं नसतं. तरी मी मनातल्या मनात म्हटलं, रडा नाहीतर ओरडा, घर विकणार म्हणजे विकणार.

यानंतर आली ती वरच्या घरातली भाडेकरीण.

वरचं घर म्हणजे गल्लीच्या टोकाचं, निवृत्त झालेल्या एका काकांचं. मागच्या बाजूला दोन खोल्या आणि त्यात हे कुटुंब. मूळचे सोयगावकडचे, मेंढरामागं फिरणाऱ्या घरातले. मेंढरं अजून गावाकडे दिराजवळ होती आणि त्यात हिचा वाटा होता. नवरा आधी मुकुंदवाडीच्या नाक्यावर उभा राहून मिळेल त्या मजुरीला जायचा. पुढे स्लॅबच्या सेंट्रिंगवर लागला, मग त्यानं सेंट्रिंगच्या स्वतःच्या लोखंडी प्लेटा घेतल्या आणि आता त्याच्या हाताखाली माणसं होती. पण गल्लीच्या डोळ्यांना हे काही दिसायचं नाही. गल्लीला दिसायची ती पाण्याच्या दिवशी काकांचा पाईप ओढत खाली येणारी ही बाई. पहिली बारी काकांची, पण पाईप जोडायचा हिनं. काकांची टाकी भरली, मग त्यांची बाग, मग त्यांची गाडी, आणि मग हिचे पिंप. हिच्या बादल्यांवर काकांची नजर असायची. बाईचा आवाज मात्र असा खणखणीत की 'सुटलं' ही हाळी तिनंच द्यायची असं ठरून गेलं होतं. मेंढरं हाकून हाकून कमावलेला गळा होता तो.

ती आली, पोर्चमध्ये उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"बाई, सगळ्या दुनियेला घर दाखवलं म्हणं. मला काऊन नाय दाखवलं?"

मला प्रश्नच कळला नाही. "तुला... भाड्यानं पाहिजे होतं का?"

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "भाड्यानं? भाड्यानं तर हायेच की मी. इकत म्हन्ते मी. आम्ही गिऱ्हाईक नाय का? आमच्या पैशाला काय मेंढराचा वास येतो?"

मला हसू आलं. तिला वाटलं, मी तिला हसते. ती वळून निघालीच होती, मी तिचा हात धरला. "तसं नाही गं बाई. आता कुठं घर विकावंसं वाटतंय, म्हणून हसले. ये, बघ."

तिनं घर बघितलं ते इतरांसारखं नाही. फरशी बघितली नाही, हवेचं नाव काढलं नाही. प्रत्येक खोलीत भिंतीजवळ जाऊन उभी राहायची आणि खिळ्यांना हात लावायची. "इतले खिळे?" म्हणाली. "काका एक ठोकू देत नाहीत. आम्ही समदं दोरीवर टांगतो." मग बाहेर येऊन हौदाचं झाकण स्वतःच उचललं, लाल रेघेकडे वाकून बघितलं आणि झाकण बसवलं. हौद तिला दाखवायची गरजच नव्हती.

संध्याकाळी नवरा-बायको दोघं आले. बँकेशी बोलून आले होते, दिराशी मेंढरांच्या वाट्याचं बोलून आले होते. घासाघीस झाली, ती तिनंच केली, आणि बरी केली.

आता मला वाटलं होतं, गल्लीला आनंद होईल. हौद घरच्याच माणसाच्या हातात राहतोय. पण दुसऱ्याच दिवशी काका काठी टेकत खाली आले आणि त्यांच्यामागून अर्धी गल्ली. वहिनीही होत्या, पण जरा मागे.

"त्यांना द्यायचं तर भाड्यानं द्या," काका म्हणाले. "आम्ही कुठं नाही म्हणतो? पण मालकी? उद्या दारात मेंढरं बांधतील. आणि आम्ही काय आमच्या भाडेकरणीकडे पाणी मागायला यायचं?"

शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून निघून गेलं. खरं दुखणं तिथं होतं. मेंढरं हे निमित्त.

"काका," मी म्हणाले, "माझे वडील भाडेकरूच होते. मी भाडेकरणीची लेक, आणि इतकी वर्षं तुम्ही माझ्याकडे पाणी मागायला येताय. तुम्हाला ठाऊक नव्हतं, एवढंच." माझा आवाज चढला होता, आणि मी तो उतरवला नाही. "घर तिला देणार."

काका म्हणाले, "मग आम्ही टँकर मागवू. पण तिच्या दारात पाईप लावणार नाही." आणि काठी टेकत वर गेले.

लोक पांगल्यावर मला वाटलं, आता हे तरी माझी पाठ थोपटतील. कसलं काय! हे आरामखुर्चीत विचारात पडलेले.

"तुझं बरोबर आहे," हे म्हणाले, "पण मी कालव्यावर काय बघितलंय सांगू? टोकाच्या माणसाला तोंडाशी जमीन मिळाली की दुसऱ्या हंगामात तोच पाट फोडतो. टोकाला असताना सोसलेलं तो विसरत नाही, फेडून घेतो. काकांनी हिला काय कमी छळलंय? खरेदीखतात अट घाल. गल्लीला पाणी द्यावं म्हणून."

वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, लिहायचं तर लिहू, पण हौद घेतला की हौदाची मालकीण ती, तुम्ही कोल्हापुराहून काय बघणार? पण मी अट नको म्हटलं ते त्यामुळे नाही. अट घातली असती तर घर विकूनही मी मालकीणच राहिले असते. झाकणाची किल्ली माझ्या कमरेला राहिली असती. विकायचं तर विकायचं, सगळं. हौद, रेघ, बारी आणि ती मोडायचा हक्कसुद्धा. यांना हे पटलं नाही. माझ्या शब्दाखातर यांनी खरेदीखतावर सही केली, मात्र घराची किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, "ही निघताना देऊ." त्या रात्री मलाही झोप चांगली लागली नाही. समजा, यांचंच खरं ठरलं तर? वहिनी हंडा घेऊन कुठं जातील? पण जे ठरलं ते ठरलं.

सामान बांधायला लागले. कॅलेंडर उतरवलं, पिशव्या उतरवल्या, आणि माझं मला कळायच्या आत मी पक्कड घेऊन खिळे उपटायला सुरुवात केली होती. चार-पाच निघालेही. न्हाणीतून साबणाची वडी आणून भोकात दाबायला लागले, तेवढ्यात ती आली.

"काय करू राहिले बाई?"

"भिंत नीट करून देते."

"नका काढू." तिनं माझ्या हातातली पक्कड काढून घेतली. "राहू द्या ना. टांगायला व्हतात मला."

मी हात धुतले. जे खिळे उपटले होते ते तिनं उचलले आणि त्याच भोकांत साबणासकट परत ठोकून टाकले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आई असती तर तिला म्हटलं असतं, बघ, खिळे ठेवून जाताही येतं.

आमचा टेम्पो निघायच्या दिवशीच नेमकं पाणी आलं. सामान भरून झालं होतं. हौदात धो धो आवाज सुरू झाला आणि हे जे टेम्पोत चढायला निघाले होते, ते पोर्चच्या पायरीवर बसले. किल्ली अजून त्यांच्या खिशात होती. मीही बाजूला थांबले. ती बारी कशी लावते ते मलाही बघायचंच होतं.

पाणी रेघेपर्यंत आलं. गल्लीतले लोक आपापल्या दारात पाईप घेऊन उभे, पण पुढं कोणी येईना. काकांचं फाटक बंद होतं. वहिनी मात्र आल्या, पाईपाचं टोक हातात घेऊन. "ते काय आज येत नाहीत," वहिनी तिला म्हणाल्या. "लावू का मी? उगं पाणी कशाला थांबवती?"

नवी मालकीण पदर खोचून हौदाच्या काठावर उभी होती. तिनं वर काकांच्या बंद फाटकाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. राग होता, एवढं नक्की.

"थांबा वैनी," ती म्हणाली. "पयली बारी वरच्यांची."

"अगं पण आलेत कुठं ते?"

"ते नसतील येत. पाईप तं येतो."

आणि ती निघाली. काकांच्या फाटकाबाहेर त्यांचा पाईप वेटोळं करून पडला होता, नेहमी तीच उचलायची तो. तिनं तो उचलला, एक टोक फाटकावरून आत सोडलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "काका, टाकीचं झाकण काढा!" बराच वेळ काही झालं नाही. ती तशीच उभी राहिली. मग आत कुठेतरी पत्र्याचं झाकण वाजलं. ती पाईप उलगडत, जोड लावत, उतारानं खाली आली, स्वतःची मोटार जोडली, बटण दाबलं आणि वर तोंड करून हाळी दिली.

"सुटलं!"

पाईप रस्त्यावर फुगत गेला. हे पायरीवर कान देऊन बसले होते. वरच्या टाकीत पाणी पडायला लागल्याचा आवाज खालपर्यंत आला, तसे उठले. खिशातून किल्ली काढली, तिच्या ओल्या हातात ठेवली आणि टेम्पोत जाऊन बसले.